मोबाईल वाढलाय

‘वाढलाय’ या शब्दाचा अर्थ मला तेव्हाही माहीत होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शाळेतल्या सोबत्यांना नाही, आणि जिच्या तोंडून तो शब्द आला त्या बाईला तर नाहीच. सगळ्यांचा समज असा की गुरुजी फसले, गुरुजींना शब्दच कळला नाही. हा समज दुसऱ्या कुणी पसरवलेला नाही. मीच पसरवला.

माझं गाव चाकूरच्या बाजूला. आमच्या घरात काही फुटत नसे, तुटत नसे. आईच्या हातातली बांगडी फुटली की ती ‘वाढली’. गळ्यातली पोत तुटली की तीही वाढली. गावातला वाणी संध्याकाळी दुकान बंद करत नसे, वाढवत असे. लहान असताना मी एकदा भर अंगणात ओरडलो, “आई, तुझी बांगडी फुटली!” तर पाठीत धपाटा बसला. वाईट शब्द तोंडातून काढला की तो घरात येऊन बसतो, असं आईचं म्हणणं. अशा घरातून आलेल्या माणसाला वाढणं म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

शाळा बंद पडल्या त्या वर्षाची ही गोष्ट. मी नायगाव तालुक्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो, अजूनही तिथंच आहे. बिऱ्हाड मात्र लातूरला, कारण मुलीचे क्लास लातूरला. आठवडाभर नायगावात खोली करून राहायचं, शनिवारी नांदेड गाठायचं, तिथून लातूरची एसटी धरायची, आणि सोमवारी पहाटे पुन्हा उलटा प्रवास. आमच्यासारखे मास्तर त्या एसटीत इतके असायचे की कंडक्टर आम्हाला “चला, शाळा भरली” म्हणायचा. कोरोनानं हे सगळं थांबवलं. लोक मरत होते, आणि मी घरी होतो, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. किती वर्षांनी रोज घरच्या ताटात जेवत होतो.

उन्हाळा सरला, शाळा उघडायचा दिवस आला आणि गेला. मग वरून निरोप आला की मुलांनी घरी बसून मोबाईलवर शिकायचं. पण त्याआधी बघायचं होतं, आपली मुलं त्यासाठी तयार आहेत का. देश तयार आहे का, राज्य तयार आहे का, जिल्हा तयार आहे का. हा एवढा मोठा प्रश्न पायऱ्या उतरत उतरत आमच्यापर्यंत आला तेव्हा त्यातलं एवढंच उरलं होतं: घरात स्मार्टफोन आहे का? हो किंवा नाही. घरोघर जायचं, विचारायचं, आपल्या मोबाईलवर बोट दाबायचं.

आमचे मुख्याध्यापक निवृत्तीला टेकलेले. त्यांनी मला बाजूला घेतलं.

“सर, एक सांगू का? हो दाबलं की पुढचं घर. नाही दाबलं की खाली आणखी प्रश्न निघतेत. टीव्ही आहे का, रेडिओ आहे का, शेजाऱ्याकडं फोन आहे का. अन् शेवटाला विचारतेत, तुम्ही काय उपाय करणार. ते लई वंगाळ हाय बघा.”

“मग काय उपाय लिहायचा?”

“लिहायचा कशाला, करावाच लागतोय. जिथं नाही जास्त, तिथं मास्तरानं गावात जायचं. देवळात, झाडाखाली, लांब लांब बसवून शिकवायचं. जिथं हो जास्त, तिथं आपलं घरून. तुमी तर लातूरला असताव.”

एवढंच बोलून ते तंबाखू मळायला लागले. खोटं लिहा असं ते म्हणाले नाहीत, त्यांच्यावर मला काही ढकलायचं नाही.

मी गावात शिरलो त्या दिवशी पोळा होता. गल्ल्यांतून शेणाचा नि पुरणाचा वास येत होता. मिरवणूक बंद होती, तरी बैलांच्या शिंगांना रंग लागलेले होते. अर्धं गाव फिरून झाल्यावर मी शेवटच्या गल्लीत आलो. तिथं माझी एक विद्यार्थिनी राहायची, सहावीत गेलेली. फळ्यावर गणित लिहून मी खडू खाली ठेवायच्या आत जिचं उत्तर तयार असायचं, अशी. बाप गवंडी, कामाला हैदराबादला. टाळेबंदीत गावी येऊन पडला होता, नुकताच परत गेला होता. आई दुसऱ्याच्या शेतात जायची. घरी बैल नव्हता. उंबऱ्याच्या आत पाटावर मातीची जोडी मांडलेली, पोरगी तिला हळद लावत बसलेली.

मी बाहेरूनच विचारलं, “ताई, घरात मोबाईल आहे का? टचचा?”

तिच्या आईनं माझ्याकडं पाहिलं, मग मातीच्या बैलांकडं. हात पदराला पुसले.

“वाढलाय, गुरुजी.”

देवाच्या कोनाड्यातून तिनं खणात गुंडाळलेला फोन काढून दाखवला. काचेवर कोळ्यानं जाळं विणावं तशा चिरा. बटण दाबलं, उजेड आला नाही.

“चांगला होता. हे जाताना पोरीसाठी ठिवून गेले. शेळीनं पाडला.”

“मग शेळीला वाढवली का नाही?”

“आवं गुरुजी! सणाच्या दिवशी काय बी बोलूलालाव!” ती हसली. पोरगीही तोंडावर हळदीचा हात धरून हसली.

म्हणजे बघा. त्या शब्दावर मी विनोद केला होता. ज्याला शब्द कळत नाही तो असा विनोद करू शकतो का? पुढं एवढं सगळं झालं, पण हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्या दोघींच्याही नाही. माणूस आपल्या गुरुजींवर असा संशय घेत नसतो.

पोरगी म्हणाली, “सर, आता शाळा मोबाईलमधी भरणार म्हणतेत. मग मी नायगावला तुमच्या खोलीवर येऊ का? पायी येते.”

“बघू,” मी म्हणालो.

तिच्या आईनं ताटलीत पुरणपोळी घालून ती उंबऱ्यावर ठेवली आणि कोरोनाचे दिवस म्हणून चार पावलं मागं सरकून उभी राहिली. मी उभ्या उभ्या खाल्ली. तूप भरपूर होतं. मग मोबाईल काढून, त्याच तुपाच्या बोटानं ‘हो’ दाबलं. वाढलाय म्हणजे आहेच की, उलट जास्तच आहे, असं मनात म्हणालो, आणि माझं मलाच हसू आलं.

एकदा एका घराला ‘हो’ लावल्यावर बाकीच्यांना अवघड गेलं नाही. त्या गल्लीतल्या पुढच्या घरांत तर मी विचारलंही नाही.

गाव तयार ठरलं. केंद्रप्रमुखांकडून अभिनंदनाचा निरोप आला. शेजारच्या दोन गावांतले मास्तर चिखल तुडवत देवळात शिकवायला जात होते, आणि मी लातूरला स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून अपूर्णांकांचे व्हिडिओ काढत होतो. आतल्या खोलीत मुलीचा क्लास टॅबवर चाललेला असायचा, तिथं आवाज करायची सोय नव्हती. एकदा मी छेद समान करून दाखवत असताना कुकरची शिट्टी झाली. बायको म्हणाली, “तुमच्या अपूर्णांकात माझं वरण गेलं बघा.” पुन्हा काढायचा कंटाळा म्हणून तसाच पाठवला.

“अहो, पण तिकडं बघतं का कुणी?” तिनं विचारलं.

“दोन निळ्या रेघा आल्यात,” मी दाखवलं.

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रत्येक घराचा एकेक नंबर होता. त्या पोरीच्या घरचा म्हणून शाळेच्या जुन्या नोंदीतला तिच्या बापाचा नंबर घातला होता. म्हणजे तिचे धडे हैदराबादला जात होते. एका दुपारी त्याचा फोन आला.

“गुरुजी, रामराम. तुमचा इडिओ आला. आमी समद्यांनी बघितला.”

“समद्यांनी म्हणजे?”

“हितं एका खोलीत राहतो की आमी कामावरले. एक बिहारी हाय, त्याला मराठी येत न्हाई, पर त्यानंबी बघितला. मधीच शिट्टी कशाची वाजली हो?”

मी हसलो. तोही हसला. मग म्हणाला, “घरचा मोबाईल तर वाढलाय. म्हून मी काय करतो, हितं तुमचा तास बगतो अन् संध्याकाळी शेजाऱ्याच्या फोनवर पोरीला सांगतो, गुरुजींनी आज असं असं शिकवलं. माझी चौथी झालीय. जमंल तसं सांगतो.”

मी “अच्छा, अच्छा” म्हणालो.

पुढं तो अधूनमधून फोन करायचा, नेहमी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. मागं सिमेंट कालवायच्या यंत्राचा आवाज. कधी विचारायचा, कधी नुसतंच सांगायचा की पोरीनं सगळी गणितं केली. एकदा त्यानं विचारलं, “गुरुजी, दोन अपूर्णांक मिळवायचे तर वरचा वरच्यात अन् खालचा खालच्यात मिळवायचा, बरुबर ना?” नेमकं त्या वेळी आमच्या घरचं नेट गेलं होतं. मुलगी आतून “बाबा, बाबा, टेस्ट चालू आहे” म्हणून ओरडत होती. मी एका हातात नेटचा डबा घेऊन खिडकीशी वाकलो होतो.

“हाव, हाव, बरोबर,” मी म्हणालो आणि फोन ठेवला.

त्याच दुपारी मी चौकात जाऊन मुलीसाठी दुसऱ्या कंपनीचं सिम घेऊन आलो. तिची पुढची एकही टेस्ट बुडाली नाही.

शेवटचा फोन त्यानं दिवाळीच्या आधी केला. “गुरुजी, एकदा येऊन जावा की गावाकडं. माझ्या सांगण्यानं तिचं काय खरं न्हाई. तुमी फळ्यावर दावलं की तिला लगीच येतंय.”

“आपलं गाव ऑनलाइनमध्ये आहे. मला वरून आदेश नाही.”

“मंग गावाला ऑनलाइनमधून काढा की.”

“तसं काढता येत नसतं.”

येत होतं. मुख्याध्यापकांना एक फोन करून, सर, माझ्याकडून चूक झाली, एवढं म्हटलं असतं तरी येत होतं. तो “बरं, ठिवतो” म्हणाला. पुन्हा त्यानं फोन केला नाही. निळ्या रेघा मात्र येतच राहिल्या.

शाळा उघडल्यावर गावात बोलणं झालंच. शेवटच्या गल्लीत एकाही घरात धड फोन नसताना गाव तयार कसं ठरलं, असं एका सोबत्यानं चहा पिताना विचारलं. उत्तर माझ्या तोंडून आपोआप निघालं. “अहो, बाई म्हणाली मोबाईल वाढलाय. मला वाटलं, एकाचे दोन झाले!”

सगळे पोट धरून हसले. गोष्ट गावभर झाली. पारावर कुणी मला बघितलं की म्हणायचं, “काय गुरुजी, वाढला का मोबाईल?” मी हसायचो. हसणाऱ्या माणसाला कुणी काही विचारत नाही, हे मला तेव्हा कळलं.

नांदेडला एका प्रशिक्षणात तर मी उभा राहून ती गोष्ट सांगितली. विषय होता, मागच्या अनुभवातून काय शिकलो. सभागृह हसलं. शिकवणाऱ्या मॅडमनी फळ्यावर लिहिलं: ‘स्थानिक बोली समजून घ्या’. मागच्या रांगेतले एक सर तेवढे हसले नाहीत. चहाच्या वेळी ते जवळ आले. बोलण्यावरून अहमदपूर भागातले वाटले, म्हणजे आमच्याच बाजूचे.

“सर, तुमच्याकडं बांगड्या फुटतेत का हो?” त्यांनी विचारलं.

मी कप तसाच ठेवून सही करायला गेलो.

ती पोरगी पुढं गेली. त्या वर्षी सगळेच पुढं गेले. आठवीला नायगावच्या शाळेत एसटीनं जायला लागली. रस्त्यात दिसली की “नमस्ते सर” म्हणायची. कसं चाललंय असं मी विचारायचो, बरं चाललंय असं ती सांगायची. त्या पलीकडं विचारायचं मी टाळलं. यंदा तिची दहावी होती. निकालानंतर एका दुपारच्या सुट्टीत ती आईबरोबर शाळेत आली. बाकी सगळे विषय निघाले होते. गणित राहिलं होतं.

“तिला पुढं नर्सचं करायचंय,” आई म्हणाली. “गणित निघालं तर होतंय म्हणतेत. तुमी जरा बघताव का?”

मी हो म्हणायच्या आत ती पुढं बोलली. आवाज खाली आणून, पोरीला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, पण पोरगी तिथंच उभी होती.

“चूक मपलीच हाय, गुरुजी. त्या पोळ्याला मी वाढलाय म्हनले. सरळ फुटला म्हनले असते तर तुमी तसंच लिवलं असतं, अन् मास्तर गावात आला असता. सणाचं अशुभ नको म्हून बोलले, अन् अशुभच झालं. हिचा बाप अजून म्हनतो, तुझ्या एका शब्दानं पोरीचं गणित गेलं. हासून म्हनतो, पर म्हनतो. गल्लीतल्या बायाबी म्हनतेत.”

“तसं काही नाही, ताई,” मी म्हणालो.

“तुमी चांगले हाव म्हून म्हनताव.”

इतकी वर्षं मी ज्या विनोदाआड लपलो होतो, तो त्या घरात विनोद नव्हता. तो त्या बाईच्या माथ्यावर बसलेला होता. माझ्या तोंडातून निघून तो थेट तिच्या चुलीपुढं गेला होता आणि रोज जेवताना तिला वाढला जात होता.

मी पोरीला आत बसवलं आणि एक छेद दोन अधिक एक छेद तीन, असं गणित घातलं. तिनं विचार न करता उत्तर लिहिलं: दोन छेद पाच.

“असं कुणी शिकवलं?”

“पप्पांनी. फोनवर, सहावीत असताना.” मग पेन खाली ठेवून, “तुम्हाला विचारून घेतलं होतं म्हणे त्यांनी.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिला नंतरच्या शाळेत दुसरी रीत कुणीतरी दाखवली होती, ती तिला येतही होती, पण पेपरात हात त्या जुन्या रीतीवर जायचा. बापानं दूरवरून, दुसऱ्याच्या फोनवर, दिवसभर विटा चढवून झाल्यावर सांगितलेली रीत होती ती. तिला ती सोडवत नव्हती.

मी म्हटलं, “अर्धी भाकरी तुझ्या ताटात आहे. आईनं आणखी अर्धी वाढली. तुझ्या रीतीनं किती झाली?”

तिनं केलं. वर एक आणि एक दोन, खाली दोन आणि दोन चार. दोन छेद चार. ती त्या उत्तराकडं बघत राहिली.

“म्हणजे अर्धीच,” ती म्हणाली.

“मग दुसरी अर्धी गेली कुठं?”

“शेळीनं खाल्ली,” ती म्हणाली आणि हसली. सहावीतली पोरगी क्षणभर तिथं बसलेली दिसली मला. मग तिनं ते उत्तर खोडलं. “पप्पांना सांगू नका, सर. त्यांनी लई मेहनतीनं शिकवलं होतं.”

मी म्हणालो, “त्यांची चूक नव्हती. त्यांनी मला विचारलं, तेव्हा मी नीट ऐकलंच नाही आणि बरोबर म्हणालो.” एवढं तरी निघालं तोंडातून. ती म्हणाली, “असूं द्या, सर.” जशी आई, तशीच ती.

त्यानंतर फेरपरीक्षेपर्यंत मी रविवारी लातूरला गेलो नाही. बायकोला जादा तासांचं कारण सांगितलं, ते खोटंही नव्हतं. माझी मुलगी आता डॉक्टरकी शिकते. तिचा फोन आला की मी बाहेर व्हरांड्यात जाऊन बोलायचो, का कुणास ठाऊक. आत फळ्यावर अपूर्णांक असायचे, समोर ही एकटी. सुरुवातीला हात जुन्या रीतीकडं जायचा, मग ती स्वतःच पुसायची आणि म्हणायची, “पप्पांची रीत आली होती, सर, घालवली.” तिची आई डब्यात कधी धपाटे, कधी शेंगदाण्याची चटणी पाठवायची. मी ते खात होतो. पोळ्याच्या पोळीसारखंच.

परीक्षा संपली त्या दिवशी मायलेकी नायगावच्या स्टँडवर भेटल्या. पोरीचा पेपर बरा गेला होता. अपूर्णांकाचं एक गणित आलं होतं, ते तिनं दोनदा तपासलं होतं. आई म्हणाली, “माझ्या तोंडानं झालेलं तुमी निस्तरलं बगा, गुरुजी. आता मी कुणाला काय वाढलं म्हून सांगणार न्हाई. फुटलं की फुटलं म्हनणार.”

“नका हो, ताई,” मी म्हणालो. “तुमचा शब्द बरोबर होता.”

तिला ते समजुतीचं बोलणं वाटलं. तिनं हसून मान हलवली. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. त्यांची गाडी लागली, पोरगी जागा धरायला धावली, आणि मी ते गिळलं. गाडी होती म्हणून नाही. गाडी नसती तरी गिळलं असतं.

निकाल अजून लागायचा आहे. पोरीचे छेद आता समान होतात, त्यामुळं निघेल असं वाटतं. पण निघालं तरी त्यानं माझं काही फिटत नाही. त्या बाईला, तिच्या नवऱ्यासमोर आणि तिच्या गल्लीसमोर, मला एवढंच सांगायचं आहे की तिचा शब्द मला त्याच दिवशी कळला होता, आणि कळूनही मी ‘हो’ दाबलं. इथं लिहिलं म्हणजे तिला सांगितलं असं होत नाही. ते राहिलेलं आहे.